फ्लाइट इंजिनिअर गेला तेव्हाची गोष्ट वेगळी होती
विमानात दोनाऐवजी एकच वैमानिक ठेवावा असं म्हणणारे एक मुद्दा मांडतात, की पूर्वी कॉकपिटमध्ये तिसरा माणूस, म्हणजे विमानाच्या यंत्रणांवर लक्ष ठेवणारा फ्लाइट इंजिनिअर, असायचा. तो गेला तरी काही बिघडलं नाही, मग दोनाचा एक वैमानिक करायला काय हरकत? मला हे पटत नाही. इंजिनिअरचं काम यंत्रांनी घेतलं, पण एकमेकांवर लक्ष ठेवणारे दोघं वैमानिक तसेच राहिले. १० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजच्या उड्डाण ५३९० मध्ये समोरची काच उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहवैमानिकाने विमान साउदम्प्टनला उतरवलं, कॅप्टनसकट सगळे वाचले.

आमच्या भुसावळात घरटी एक तरी रेल्वेवाला. माझे मामा मालगाडीवर लोको पायलट होते. सिग्नल दिसला की त्यांनी आणि असिस्टंटने, दोघांनीही तो मोठ्याने पुकारायचा, भर मध्यरात्रीसुद्धा. एकाची नजर चुकली तर दुसऱ्याच्या लक्षात यावं म्हणून. शिवाय चालकाकडून बराच वेळ काहीच हालचाल झाली नाही, तर इंजिनातलं दक्षता यंत्र आपोआप ब्रेक लावतं आणि गाडी रुळावर थांबते. एवढं असूनही तिथे दोन माणसं ठेवतात. विमान तर हवेत थांबवताही येत नाही, ते उतरवावंच लागतं.