शब्दचर्चा: ‘पेस्ट्री’ला मराठीत काय म्हणावे? (तिओच्यू ‘क्वे’ आणि ‘पिआं’ यांच्या निमित्ताने)

उंबरा

नमस्कार. मी सिंगापूरमध्ये राहते आणि इथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकासाठी एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करीत आहे. जुनी दुकाने एकामागून एक बंद होत असताना तिओच्यू लोकांचे पारंपरिक पदार्थ शोधायचे कुठे, हा त्या लेखाचा विषय आहे. तिओच्यू म्हणजे चीनच्या ग्वांगडोंग प्रांताच्या पूर्व टोकाच्या, चाओचौ आणि शान्तोउ या शहरांच्या परिसरातून आलेले लोक. सिंगापूरच्या चिनी समाजात संख्येने त्यांचा दुसरा क्रमांक लागतो.

लेखाच्या मथळ्यातच ‘पेस्ट्री’ हा शब्द आहे आणि मी तिथेच अडले आहे. पेस्ट्री म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे क्रीम लावलेला केकचा तुकडा येतो. मूळ लेखात मात्र या एका शब्दात दोन वेगळ्या जातींचे पदार्थ कोंबले आहेत. तांदळाच्या पिठाच्या पारीत सारण भरून वाफवतात ते ‘क्वे’, आणि गव्हाच्या पिठाचे, पदर सुटलेले असतात ते ‘पिआं’. या दोहोंना मिळून चालेल असा एखादा मराठी शब्द आहे का?

हा प्रश्न माझ्यासाठी केवळ भाषांतराचा नाही. आमच्या शेजारी एक तिओच्यू आजी राहतात, त्यांना आम्ही सगळे ‘आमा’ म्हणतो. गेल्या वर्षी त्यांच्या नातीचे लग्न ठरले, तेव्हा नातेवाइकांत वाटण्यासाठी त्यांना मुगाच्या सारणाचे पिआं हवे होते. ज्या दुकानातून त्या चाळीस वर्षे ते आणत असत, त्याचे दार लोखंडी जाळीने बंद झालेले आम्ही दोघींनी पाहिले. त्यानंतर तीन रविवार आम्ही दुसरे दुकान शोधत फिरलो. त्या फिरण्यात जे पाहिले, ते चुकीच्या शब्दामुळे वाचकापर्यंत पोचू नये, असे होऊ द्यायचे नाही.

साधीभाषा

‘पेस्ट्री’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या परिच्छेदात तो समजावून सांगावा. पाव हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, बिस्कीट आले, केक आला, आणि त्यांपैकी कोणाहीमुळे मराठीचे काही बिघडले नाही. मुद्दाम घडवलेला शब्द वाचकाला पदार्थापासून दूर नेतो. ‘पक्वान्न’ किंवा ‘मिष्टान्न’ म्हटले तर श्रीखंड-पुरी डोळ्यांपुढे येईल, त्याचा उपयोग नाही.

परात

मला हे पटत नाही. पेस्ट्री हा शब्द परका आहे म्हणून नव्हे, तर तो इथे खोटे चित्र उभे करतो म्हणून. उंबरा यांनी केलेले वर्णन वाचताना माझ्या मनात आले की, या पदार्थांच्या कृतीसाठी लागणारे बहुतेक सगळे शब्द आपल्या स्वयंपाकघरात आधीपासूनच आहेत.

क्वेची पारी कशी करतात ते मी एकदा पेनांगला पाहिले आहे. तांदळाच्या पिठावर उकळते पाणी ओततात, ते ढवळतात आणि गरम असतानाच मळून घेतात. याला मराठीत ‘उकड काढणे’ म्हणतात आणि मोदक करणाऱ्या कोणत्याही बाईला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. त्यामुळे क्वे म्हणजे ‘उकडीचे’, यात शंका घेण्याचे कारण नाही.

पिआंचे साम्य तर याहून जवळचे आहे. तिओच्यू लोक मध्य-शरद ऋतूच्या सणाला जे पदर सुटलेले चंद्रपिआं करतात, त्यांत दोन पिठे असतात, एक पाणी घालून मळलेले आणि दुसरे नुसत्या चरबीत कालवलेले. पहिल्यात दुसरे गुंडाळून लाटतात, त्याची वळकटी करतात, ती मधोमध कापतात आणि कापलेली बाजू वर ठेवून पुन्हा लाटतात, म्हणजे तळल्यावर वरच्या अंगाला गोल गोल वळसे उमटतात. आता कोणीही मला सांगावे की चिरोट्यात आपण यापेक्षा वेगळे काय करतो. ते चरबीचे पीठ म्हणजे आपला साटा. माझी आई तूप आणि तांदळाची पिठी तळहाताने इतकी फेसत असे की त्याचा थेंब पाण्यात टाकला तर तो तरंगे, आणि तरंगल्याशिवाय ती पोळीला हात लावू देत नसे. तेव्हा पिआंना ‘साट्याचे’ म्हणावे, असे मी सुचवते. साट्याची करंजी म्हणतोच ना आपण?

शुद्धपाठ

परात यांची सूचना उत्तम आहे, परंतु शब्द ‘साटा’ आहे की ‘साठा’? आमच्या सोलापूरकडच्या घरात मी आयुष्यभर ‘साठा लावणे’ असेच ऐकले आहे. साठा म्हणजे संचय, आणि पदरांमध्ये तूप साठवून ठेवायचे असते म्हणून साठा, अशी माझी समजूत आहे.

परात

ही व्युत्पत्ती मला ओढूनताणून लावलेली वाटते. साटोरी हा शब्द पाहा, तिथे कोणी ‘साठोरी’ म्हणत नाही. पुणे आणि सातारा भागात मी ‘साटा’च ऐकला आहे.

मूळशोध

या वादात शिरण्याआधी मला त्या समाजाच्या नावाबद्दल बोलायचे आहे, कारण मराठीत ते बहुधा ‘टिओच्यू’ असे लिहिले जाते. इंग्रजीतला ‘टी’ दिसला की आपण सवयीने ट लिहितो. पण त्या भाषेतला तो वर्ण आपल्या त च्या जवळचा आहे, ट च्या नव्हे. उंबरा यांनी ‘तिओच्यू’ लिहिले आहे, ते मला योग्य वाटते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या भाषेत अल्पप्राण आणि महाप्राण यांतला भेद अर्थ बदलतो. रोमन लिपीत तो अनेकदा हरवतो, आपल्या लिपीत मात्र सहज दाखवता येतो. लाल पीचच्या आकाराच्या पदार्थाचे नाव ‘आंग थो क्वे’ आहे. आंग म्हणजे लाल, थो म्हणजे पीच, आणि तिथे थ च हवा. ‘पिआं’मधला शेवटचा स्वर नाकात उच्चारला जातो, म्हणून त्यावरचा अनुस्वार केवळ शोभेचा नाही. तेव्हा मराठी प्रतिशब्द शोधण्यापेक्षा मूळ शब्दच नीट ऐकून देवनागरीत लिहावेत, असे माझे मत आहे.

उंबरा

मूळशोध यांनी रोमन लिपीचा उल्लेख केला, त्यावरून आमच्या तीन रविवारांची गोष्ट सांगते, कारण आम्हाला सर्वांत अधिक त्रास स्पेलिंगनेच दिला. एकच क्वे इथे चार तऱ्हांनी लिहितात, आणि मलय भाषेत तोच शब्द ‘कुइह’ झाला आहे. चार क्वे तिओ या प्रसिद्ध नूडल्समधला क्वेसुद्धा हाच आहे. पिआंचेही तसेच. नकाशावर एक स्पेलिंग टाकले तर तीन दुकाने दिसत, दुसरे टाकले तर त्यांतले एकच उरे आणि भलतेच एक नवीन दिसे.

दुसरी अडचण याहून मोठी होती. १९७९ साली सिंगापूर सरकारने लोकांनी मँडरिन बोलावी अशी मोहीम सुरू केली आणि त्यानंतरच्या पिढ्यांकडून घरातली तिओच्यू हळूहळू सुटत गेली. दुकानातली तरुण मुलगी पाटीवरची तीच चिनी अक्षरे ‘ग्वो’ आणि ‘बिंग’ अशी मँडरिनमध्ये वाचत होती. आमांनी तिओच्यूत नाव सांगितले तेव्हा तिला ते कळले नाही. पदार्थ काचेच्या कपाटात समोर ठेवलेला होता आणि दोघींपैकी एकीलाही तो मागता किंवा देता येईना. शेवटी आमांनी बोट काचेला टेकवले. त्या परतताना बसमध्ये काहीच बोलल्या नाहीत.

बँकॉकवासी

तिओच्यू वस्ती बँकॉकमध्ये फार मोठी आहे, इतकी की थायलंडमधल्या चिनी वंशाच्या लोकांत त्यांचेच प्रमाण सर्वाधिक आहे. इथे पिआंला ‘खनोम पिआ’ म्हणतात. म्हणजे थाई लोकांनी आपला ‘खनोम’, अर्थात खाऊ, हा शब्द पुढे लावला आणि परका शब्द मागे जशाचा तसा ठेवला. आपल्याकडेही ‘पिआंची खारी’ किंवा ‘पिआंची वडी’ असे काही करता येईल.

शब्दांच्या प्रवासाचे आणखी एक उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही. इंडोनेशियातल्या योग्याकार्ताचा ‘बाकपिआ’ प्रसिद्ध आहे. त्यातला ‘बाक’ म्हणजे मांस. आज त्यात मुगाचे गोड सारण असते, मांसाचा पत्ता नाही, तरीही नाव टिकून आहे.

साधीभाषा

माझ्याच मुद्द्याला हे बळ देते. शब्दाचा मूळ अर्थ काहीही असो, लोक वापरतात तो अर्थ खरा. मग ‘पेस्ट्री’वर आक्षेप कशासाठी?

परात

कारण बाकपिआचा अर्थ बदलला तो खाणाऱ्यांच्या तोंडी, पिढ्यान्‌पिढ्या. पेस्ट्रीचा तसा अर्थ मराठीत अजून कोणी वापरलेला नाही. तुम्ही तो एका लेखाच्या मथळ्यातून वाचकावर लादणार आहात.

आणि ‘खारी’ तर मुळीच नको. गोड मुगाला खारी म्हटले की वाचकाच्या जिभेवर मीठ येते. मुगाच्या त्या सारणाला मी ‘पुरण’ म्हणेन. डाळ शिजवून, वाटून, साखरेत आटवलेली असते. सारण कशाचेही असते, पुरण असेच करावे लागते.

शुद्धपाठ

चरबीचा प्रश्न बाजूला राहिला. त्या पिआंचे एक तिओच्यू नाव ‘ला पिआं’ असे आहे आणि ‘ला’ म्हणजे डुकराची चरबी. भाषांतरात ‘चरबी’ हा शब्द रोगाची आठवण करून देतो. ‘वसा’ हा संस्कृत शब्द नेमका आणि सभ्य आहे.

कोकणकडा

‘वसा’ म्हटले की मराठी माणसाला व्रत आठवते, ‘उतणार नाही, मातणार नाही’ आठवते. त्या शब्दाचा इथे उपयोग नाही. आमच्या घरी मटण आणले की आजी ‘मांदे’ वेगळे काढून ठेवी आणि मंद आचेवर कढवी. तो शब्द जिवंत आहे, स्वयंपाकघरातला आहे, आणि त्यात रोगही नाही, व्रतही नाही. तूप कढवतात तसेच मांदे कढवतात.

उंबरा यांना एक सावधगिरीची सूचना करतो. मूळ लेखात ‘याम’ हा शब्द आला असेल, तर शब्दकोशात पाहून ‘सुरण’ किंवा ‘कोनफळ’ लिहू नये. सिंगापूरच्या इंग्रजीत याम म्हणतात तो अळूचा कंद असतो. त्याचे साखर आणि मांदे घालून घोटलेले गोड पुरण चंद्रपिआंत भरतात. असाच घोटाळा तिथल्या ‘कॅरट केक’चा. एका प्रवासवर्णनात मी ‘गाजराचा केक’ असे भाषांतर वाचले आहे. प्रत्यक्षात तो पांढरा मुळा किसून तांदळाच्या पिठात वाफवलेला, मग तव्यावर परतलेला तिखट-खारा पदार्थ आहे. तो क्वेच आहे आणि त्याच्या तिओच्यू नावातही क्वे आहे.

उंबरा

याम मी ‘रताळे’ असे लिहिले होते. आताच दुरुस्त केले. मनापासून आभार.

अजून एक शब्द विचारते. दुकाने ‘नामशेष होत आहेत’ असे मी लिहिले आहे, ते ठीक आहे का?

साधीभाषा

ठीक नाही. ‘बंद पडली’ किंवा ‘बंद झाली’ असे लिहावे. ‘नामशेष’ हा वर्तमानपत्री शब्द झाला आहे. पण ‘बंद पडली’ आणि ‘बंद केली’ यांतला फरक मात्र सांभाळा. गिऱ्हाईक तुटले म्हणून दुकान बंद पडते. मालकाचे गुडघे थकले आणि पहाटे उठून पीठ मळायला मुले तयार नाहीत, म्हणून तो ते बंद करतो. तुमच्या लेखातल्या दुकानांचे काय झाले?

उंबरा

बहुतेक ठिकाणी दुसरेच. गिऱ्हाईक होते. आमांच्या दुकानापुढे सणाला रांग लागत असे.

मूळशोध

‘नामशेष’ हा शब्द मात्र मी सोडणार नाही, कारण इथे तो अक्षरशः खरा ठरतो. सिंगापूरमध्ये ‘थाय मो चान’ नावाचे तिओच्यू पिआंचे १९४३ पासूनचे दुकान होते. ते २०११ मध्ये बंद झाले आणि पुढच्या वर्षी एका मोठ्या ब्रेड समूहाने त्याच नावाने पुन्हा सुरू केले. जुने घर गेले आणि नाव शेष राहिले.

परात

नाव राहिले आणि पदार्थही होत राहिला, तर त्याला नामशेष म्हणणे अन्यायाचे आहे. दुसऱ्याच्या हाताने का होईना, साटा लागतो आहे ना?

मूळशोध

कोणाच्या हाताने लागतो, यालाच तर मी दुकान म्हणतो.

उंबरा

काल आमांकडे गेले होते. आता पिआं मिळणार नाहीत असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले आहे, म्हणून क्वे तरी घरी करू म्हणाल्या. त्यांच्याकडे त्यांच्या सासूचा लाकडी साचा आहे, पीचच्या आकाराचा, आतून तेलाने काळा झालेला. पिठात लाल रंग घालून त्यांनी गुलाबी उकड काढली, वाटी केली, तीत शिजवलेला चिकट तांदूळ, शेंगदाणे, सुकी कोळंबी आणि अळंबी भरली, तोंड मिटले आणि गोळा साच्यात दाबला. मग साचा उलटा करून ओट्याच्या कडेवर एकदा, जरा तिरका आपटला. क्वे अलगद तळहातावर पडला, पाकळ्यांच्या रेषांसकट. माझ्या हातून चार वेळा आपटूनही निघाला नाही आणि पाचव्यांदा फाटला.

हे सगळे मराठीत लिहिताना मला एकदाही अडायला झाले नाही. उकड, वाटी, साचा, पारी. मथळा मात्र अजून कोरा आहे आणि मजकूर शुक्रवारी द्यायचा आहे.

एक मात्र राहिले. ते क्वे रात्रभर ठेवले तर पारी कडक होते. सकाळी आमा ते तव्यावर थोडे तेल सोडून परततात. त्या कडक झालेल्या पारीला काय म्हणावे? ‘वातड’ लिहू का?

कोकणकडा

वातड नको. वातड म्हणजे चावताना ताणले जाणारे, सादळलेल्या पापडासारखे. शिळ्या मोदकाच्या पारीला आमच्याकडे ‘निबर’ म्हणतात.

शुद्धपाठ

निबर भेंडी असते. पारी ‘ताठते’.

परात

‘ताठते’ मी ऐकले आहे, पण भाताबद्दल. आमा परतण्याआधी त्यावर पाणी शिंपडतात का, ते विचारून सांगा. त्यावरून ठरवता येईल.