अनुभव धागा: फूड आणि वाइन फेस्टिव्हलला गेला होतात? काय मिळालं?

डिसेंबर ते मार्च या दिवसांत मुंबईत शनिवार-रविवारी कुठे ना कुठे मांडव पडलेलाच असतो. कधी वांद्रे-कुर्ला संकुलातलं (बीकेसीतलं) मैदान, कधी महालक्ष्मीचं रेसकोर्स. टीव्हीवर दिसणारे शेफ, वाइनचे स्टॉल, मनगटाला पट्टा, मागे मोठ्याने गाणारं कोणीतरी, आणि तिकीट असं की घरी किंमत सांगताना एक शून्य गाळावं लागतं.

कोणी हौसेने गेलं असेल, कोणी कंपनीच्या फुकट पासावर, कोणी स्टॉलच्या पलीकडे उभं राहून काम केलं असेल. सगळ्यांनी लिहा. दोनच विनंत्या. आयोजकांची आणि स्टॉलची नावं नकोत, नाहीतर इथे ग्राहक मंच भरेल. आणि वाइन म्हणजे दारू की नाही हा वाद २०२२ साली सुपरमार्केटमध्ये वाइन विकायच्या निर्णयावरून पोटभर झालेला आहे, तो पुन्हा उकरू नका.

चाकरमानी_ठाणे

ऑफिस बीकेसीतच, त्यामुळे मैदानावर तंबू चढताना आठवडाभर खिडकीतून बघत होतो. शनिवारी साडेपाचला आम्ही दोन जोडपी गेटवर. पहिली रांग पास दाखवून मनगटाला पट्टा बांधून घ्यायची. दुसरी त्या पट्ट्यात पैसे भरायची, कारण आत रोख चालत नाही आणि जीपेही चालत नाही. भाजीवालीकडे क्यूआर कोड असतो, इथे नाही! तिसरी रांग वयाची. एकवीस पूर्ण असल्याचा पुरावा दिला की दुसऱ्या हाताला कागदी पट्टी. माझं टक्कल समोर असूनही त्या मुलीने आधार कार्ड मागितलं. संध्याकाळभरात मला झालेला हा सर्वात मोठा आनंद.

आत शिरेपर्यंत सात वाजले. पासावर ‘टेस्टिंग समाविष्ट’ असं छापलेलं. म्हणजे पाच कूपनं, आणि एका कुपनाला तीस मिली. खोकल्याच्या औषधाची दोन झाकणं भरतील, बस. त्यातही ज्या दोन वाइनसाठी बायको आली होती त्या ‘संपल्या मॅडम, उद्या या’. उद्याचा पास वेगळा, हे सांगायला नकोच.

खाण्याचं तर वेगळंच. साडेचारशे रुपयांचा बाव (वाफवलेला मऊ पाव, आत सारण), दोन घासांत खलास. चव चांगली होती, खोटं कशाला बोलू. पण तो हातात पडायला पंचवीस मिनिटं, आणि पडल्यावर उभ्यानेच खायचा. एका हातात ग्लास, दुसऱ्यात द्रोण, फोन काखेत. खुर्च्या होत्या की! मखमली दोरीच्या पलीकडे, लाउंज पासवाल्यांसाठी. निम्म्या रिकाम्या. त्या दोरीपाशी एक बाउन्सर उभा, आणि त्याच्याकडे ‘जरा आईंना बसू द्या’ म्हणणारी माणसं.

पट्ट्यात उरलेले पैसे परत मिळतात, पण त्याला शुल्क आहे, आणि ते किती हे गेटवर कुठेही लिहिलेलं नव्हतं. मेल आल्यावर कळलं.

पुरणपोळी

शाकाहारी आणि न पिणारी, तरी गेले. भाचीला सोबत हवी होती. पास सगळ्यांना त्याच किमतीचा. न पिणाऱ्याला कूपनांच्या जागी लिंबू सरबतसुद्धा नाही. शाकाहारात मशरूम, मशरूम आणि मशरूम, वर ट्रफलचं, म्हणजे जमिनीखाली उगवणाऱ्या महागड्या बुरशीचं, तेल. त्या तेलात बहुतेक वेळा ट्रफल नसतोच, प्रयोगशाळेत केलेला वास असतो. अख्ख्या मैदानावर तोच दरवळ. बुराटा (मऊ, सायीचं चीज) मात्र सुरेख होता. भाचीने रील्स केल्या, मी माणसं बघितली. साडी नेसलेली मी एकटीच असेन.

कॉर्कस्क्रू

सगळे रांगेबद्दल लिहितायत, वाइनबद्दल कोणीच नाही, म्हणून लिहितो. माझी खरी तक्रार पैशांची नाही, तापमानाची आहे.

‘रेड वाइन रूम टेंपरेचरला’ हे वाक्य आपल्याकडे मंत्रासारखं म्हटलं जातं. ती रूम युरोपातल्या जुन्या थंड घरातली. म्हणजे सोळा ते अठरा अंश. फेब्रुवारीतल्या मुंबईत दुपारी तीसच्या वर पारा आणि बाटल्या ताडपत्रीखाली खोक्यांत. तशी शिराझ (ही रेड) ओतली की फळाचा वास बाजूला राहतो आणि अल्कोहोल आधी नाकात चढतं. लोक एक घोट घेतात, तोंड वाकडं करतात आणि ‘आपल्याला बुवा रेड आवडत नाही’ असं कायमचं ठरवून घरी जातात. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या काकांचं अगदी तेच झालं. मी स्टॉलवरच्या मुलाला म्हटलं, बाटली पंधरा मिनिटं बर्फात ठेव. तो म्हणाला, सर, बर्फ व्हाइटवाल्यांनी नेला.

त्यामुळे जाणारच असाल तर उन्हं असताना स्पार्कलिंग आणि व्हाइट घ्या. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ. ती बर्फात असतात म्हणून निदान धड लागतात. रेड सूर्य मावळल्यावर. आणि तंबूत कोपऱ्यात एक ‘मास्टरक्लास’ नावाचा प्रकार असतो, त्यासाठी आपलं नाव आधी नोंदवावं लागतं. आम्ही वीसेक जण होतो, बसायला खुर्ची, काचेचा ग्लास, आणि एकाच द्राक्षाच्या तीन वाइन शेजारी शेजारी. एक नुसत्या स्टीलच्या टाकीतली, एक ओकच्या पिंपात मुरलेली, एक जुनी. त्या पाऊण तासात जे कळलं ते बाहेरच्या गर्दीत चार तास फिरून कळलं नसतं. पासाचे पैसे तिथे वसूल झाले. बाहेर प्लास्टिकच्या ग्लासात तर वास घ्यायची सोयच नाही.

ट्रेमधला

मी हॉटेल मॅनेजमेंटला आहे. आम्हा मुलांना अशा फेस्टला ‘एक्स्पोजर’ म्हणून पाठवतात. तुम्ही ज्याच्यावर चिडता तो ओतणारा मुलगा म्हणजे मीच.

७५० मिलीच्या बाटलीतून तीस मिलीचे पंचवीस ग्लास निघायला हवेत. सुपरवायझर रिकाम्या बाटल्या आणि कूपनं समोरासमोर मोजतो. त्यामुळे ‘भाई, थोडा और डाल ना’ म्हणणाऱ्याला मी जास्त ओतलं तर ते माझ्या खात्यावर. आठनंतर समोर जो लोंढा येतो त्याला द्राक्षाची जात, गाव काही ऐकायचं नसतं. ‘सबसे स्ट्राँग कौनसा है?’ हा रात्रीचा मुख्य प्रश्न. चाखून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात लोक टिश्यू आणि टूथपिक टाकतात. एका बाईंनी त्यात टिप टाकली होती.

दुपारी चारला या. खरंच सांगतो. तेव्हा आम्हीही ताजेतवाने असतो, वाइनरीची माणसं स्टॉलवर असतात आणि गप्पा मारतात. संध्याकाळी ती सगळी लाउंजमध्ये जातात. जेवणाचं विचारू नका, आम्हाला पॅकेट मिळतं. रात्री अकराला.

पुरणपोळी

@ट्रेमधला, बाळा, पुढच्या वेळी मी डबा आणेन.

निफाडकर

आमची बाग आहे निफाड तालुक्यात. निम्मी खायच्या द्राक्षांची, निम्मी वाइनरीला करारावर. वाइनरीवाल्यांनी शेतकऱ्यांना म्हणून पास दिले, तर आम्ही दोघं भाऊ रात्रीची गाडी पकडून मुंबईत. आमच्याकडं हंगाम ऐन भरात असतो या दिवसांत, जानेवारी ते मार्च तोडणी. वाइनचा माल पहाटे गारव्यात तोडतात, ऊन चढायच्या आत क्रेट वाइनरीत पोचले पाहिजेत. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. खायला दिलं तर तुम्ही थुंकून टाकाल. ऑक्टोबरची छाटणी झाल्यापासून पाऊस आला तर झोप नाही, डावणी (वेलीवरचा बुरशीचा रोग) आला तर फवारणीला पैसा नाही.

तर स्टॉलवर आमच्याच वाइनरीची बाटली. पोरगी इंग्रजीत सांगत होती, ‘नोट्स ऑफ ग्वावा अँड ग्रीन पेपर’. भाऊ मला म्हणतो, पेरू आणि ढोबळी मिरची बांधावर आहे आपल्याकडं, तिकडून तर वास लागला नसंल? मी घोट घेतला. पेरू लागला बरं का! त्या पोरीला म्हटलं ही द्राक्षं आमची. तिला आधी खरं वाटेना, मग तिनं मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरनं फोटो काढला आणि आम्हाला दोरीच्या आत नेलं. खुर्ची मिळाली. एका ग्लासची किंमत बघून मी मनात किलोचा भाव लावत बसलो. ते गणित इथं लिहीत नाही.

चाकरमानी_ठाणे

@निफाडकर, त्या निम्म्या रिकाम्या खुर्च्यांपैकी दोन तुमच्या होत्या तर. बरं वाटलं.

वेसावकरीण

आमच्या वेसाव्यालाही (वर्सोव्याच्या कोळीवाड्यात) सी फूड फेस्टिव्हल भरतो, हिवाळ्यातच. तिथे माझी आत्या स्टॉल लावते. त्यामुळे मला बीकेसीच्या फेस्टमध्ये ‘कोस्टल स्मॉल प्लेट’ नावाने सहाशेला दोन बोंबील दिसले तेव्हा मी आधी ते उलटून पाहिले. रव्यात घोळवलेले, पण पाणी नीट दाबून काढलं नव्हतं. बोंबील वजनाखाली दाबून ठेवायला वेळ लागतो आणि तिथे कोणाकडेच वेळ नव्हता. आत शिजून लगदा.

आपल्याकडे सगळं स्वस्त आणि छान असतं असं मी म्हणणार नाही. पापलेट आमच्याकडेही महागच, शेवटच्या रात्री तर पाय ठेवायला जागा नसते, आणि पार्किंगचं नाव काढू नका. फरक एवढाच की म्हावरं समोर दिसतं, हे तळ म्हटलं की तेच तळून मिळतं, आणि आत्या ओरडून विचारते की तिखट चालेल का.

डबेवाली_माहीम

मी केटरिंग करते, एकदा अशा ठिकाणी स्टॉल घेतला होता, तर दुसरी बाजूही ऐका. साडेचारशेचा बाव बघून शिव्या देता, पण त्यातले माझ्या हाती किती पडतात? जागेचं भाडं आगाऊ. वर विक्रीतला टक्का, कारण सगळा पैसा पट्ट्यातून, म्हणजे आधी आयोजकांकडे जातो. मला हिशेब महिन्याने मिळाला. विजेचा लोड वाढवला की जादा पैसे. गॅसचा १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर, अग्निशमनाचे नियम, अन्न परवाना, दोन मुलं हाताखाली, तीन दिवसांचं टेम्पोभाडं. पहिल्या दिवशी जनरेटर बंद पडला आणि माझी चाळीस माणसांची कोळंबी बर्फात कशीबशी वाचली. म्हणून घास लहान होतो. पुन्हा घेईन का? घेईन, तिथून मला दोन लग्नांची कामं मिळाली. पण मेनूत एकच पदार्थ ठेवीन.

मरीनलाइन्स_८८

इथे सगळे रडतायत, म्हणून उलट बाजूने. नवरा आणि मी दर वर्षी जातो. घरात सासू-सासरे, दोन मुलं, आणि बायकांनी बाहेर ग्लास हातात धरला की चाळीत अजून बातमी होते. तिथे कोणी वळून बघत नाही. पाच तास मी कोणाची सून नसते. त्याचे पैसे मी देते, बावचे नाही. शिवाय आता वाइनरीला जायला नाशिकपर्यंत गाडी काढावी लागत नाही, दहा-बारा वाइनऱ्या एका जागी चाखता येतात. तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे, रांगा आहेत, लुटतात. तरी जाते.

ट्रेमधला

@मरीनलाइन्स_८८, तुमच्यासारखे लोक ‘थँक यू’ म्हणतात. लक्षात राहतात.

लोकलवाला

परतीचं कोणी लिहीत नाहीये. आवाज दहाला बंद होतो, की सगळं मैदान एकदम रस्त्यावर. ओला-उबरचे दर तिप्पट, रिक्षावाले मीटरने यायला तयार नाहीत, कुर्ल्याचे दोनशे मागतात. साडेनऊला निघा, शेवटची दोन गाणी गेली तरी चालतील. बीकेसीला आता भुयारी मेट्रो आहे, पण रात्रीची शेवटची गाडी किती वाजता ते जातानाच बघून ठेवा. आणि ज्याने गाडी चालवायची आहे त्याने कूपनं दुसऱ्याला द्यावीत, फेस्टच्या रात्री नाकाबंदी असतेच.

पुढच्या शनिवारचा माझ्याकडे एक जादा पास आहे. साधा, लाउंज नाही. अर्ध्या किमतीत देईन. कूपनं मात्र मी ठेवणार.