मदत हवी आहे: रुआहा की साउथ लुआंग्वा? गर्दी नसलेली सफारी

माळटिटवी
आठ दिवस शोधून डोकं शिणलं, म्हणून इथे विचारतेय. आफ्रिकेत सफारीला जायचंय, पण मसाई मारा नको, ते करून झालंय. तिथे एक चित्तीण तीन पिल्लांसह नुकत्याच मारलेल्या हरणाला लागली होती आणि भोवती मी मोजल्या तर २२ गाड्या. डिझेलचा धूर, वायरलेसची खरखर. दर घासाला ती मान वर करून बघायची. शेवटी अर्धी शिकार तशीच टाकून उठली. त्या २२ गाड्यांत एक आमची होती, ते अजून मनाला लागून आहे.

दोन नावं उरलीत: टांझानियातलं रुआहा आणि झांबियातलं साउथ लुआंग्वा. कोणतं घेऊ? सुट्टीत जायचंय. बुकिंग याच आठवड्यात करायचंय, प्लीज लवकर सांगा.

रानवाटा
कुठली सुट्टी? मे, गणपती की दिवाळी? किती जण? लहान मुलं, वयस्कर कुणी? बजेट? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

पायपीट
साउथ लुआंग्वा, डोळे झाकून. चालत सफारी नॉर्मन कार यांनी तिथेच रुजवली. पुढे बंदूकधारी स्काउट, मागे आपण एका रांगेत, बोलायचं नाही. आमच्या गाइडने हत्तीची लीद उचलून हातावर फोडली, आतून वाफ निघत होती. पुढची दहा मिनिटं कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नाही. गाडीत बसून हे कधीच मिळणार नाही. शिवाय रात्रीची सफारी, बिबटे, आणि जगात फक्त त्या खोऱ्यात असलेले थॉर्निक्रॉफ्ट जिराफ.

वाघोबाभक्त
एवढा खर्च करण्यापेक्षा ताडोबा नीट बघा. आणि चित्तेच हवेत तर कुनोला जा. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणले, नंतर दक्षिण आफ्रिकेतून १२.

रानवाटा
दादा, त्यांनी भारतातलं विचारलेलंच नाही. कुनोसाठी वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

दारकर
मी दार-एस-सलामला राहतो, रुआहाला चार वेळा गेलोय. सुमारे २० हजार चौ. किमीचं जंगल, आणि मागच्या वेळी अख्ख्या सकाळी दुसरी गाडी दिसली ती एकच. मोठा कुडू आणि छोटा कुडू (पिळदार शिंगांची हरणं) दोन्ही दिसतात, शिवाय सिंहांचे मोठे कळप.

पायपीट
पण तिथली नदी आटते, ते पण सांगा.

दारकर
आटते, १९९३ पासून कोरड्या दिवसांत दरवर्षी. वरच्या उसांगू भागात भातशेतीला पाणी वळवतात. वाईट वाटतं. हत्ती वाळूत सोंडेने खड्डा करतात, पाणी झिरपेपर्यंत थांबतात, आणि ते उठले की झेब्रे त्याच खड्ड्यावर येतात. हे मी तासभर बघत बसलो होतो. पण हे ऑगस्टनंतरचं दृश्य. ताई, तुमचा महिना कोणता?

माळटिटवी
सॉरी, घाईत राहिलं. मे महिन्याची सुट्टी. मी, नवरा, मुलगा (वय ९) आणि सासूबाई (वय ६८). सासूबाई शुद्ध शाकाहारी.

रानवाटा
अहो, हेच तर महत्त्वाचं होतं! चालत सफारीला बहुतेक कॅम्प १२ वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. म्हणजे पायपीट यांचं सगळं वर्णन तुमच्या मुलासाठी बाद.

पायपीट
हे मात्र खरं. मग मीही आग्रह धरत नाही. मुलगा १२ चा झाला की लुआंग्वाला न्याच.

दारकर
मेच्या सुरुवातीला जाऊ नका. नुकता पाऊस संपलेला, गवत उंच, बरेच कॅम्प बंद. शाळा १५ जूनला उघडत असेल तर १ ते १२ जून धरा. प्राणी थोडे पांगलेले असतील, पण रस्ते सुकलेले असतात. सकाळी उघड्या गाडीत थंडी वाजते, सासूबाईंना शाल आणि कानटोपी घ्या.

जेवणाची काळजी नको. दारला गुजराती वस्ती जुनी आहे, आणि स्वाहिलीतही चपातीला चपातीच म्हणतात. कॅम्पला मात्र आधी लेखी कळवा, नाहीतर शाकाहारी म्हणून चिकन पुढे येतं. खाऊ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत नेऊ नका, २०१९ पासून टांझानियात बंदी आहे.

सुईटोचक
सासूबाईंसाठी एक. विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल आणि तिथला थांबा १२ तासांहून जास्त असेल, तर टांझानियात पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड मागतात. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घ्यायची तर जोखीम वाढते. म्हणून मुंबई-दार थेट विमान बघा, नाहीतर थांबा छोटा ठेवा. मलेरियाच्या गोळ्या चौघांनाही डॉक्टरांना विचारून, मुलाचा डोस वजनावर ठरतो.

वाघोबाभक्त
कॅमेरा कोणता नेताय? ४०० मिमीच्या खाली लेन्स नेऊ नका.

माळटिटवी
सगळ्यांचे मनापासून आभार. रुआहा, जूनचा पहिला आठवडा. आज रात्रीच सगळ्यांशी बोलते. दारहून रस्त्याने जावं की छोट्या विमानाने?

दारकर
इरिंगा शहरापर्यंत सुमारे ५०० किमी, पुढे कच्च्या रस्त्याने आणखी तीनेक तास. सासूबाई आहेत, विमानाने जा. सामान माणशी १५ किलो, तेही मऊ बॅगेत, चाकांची कडक सूटकेस चढवत नाहीत. रस्त्यानेच गेलात तर मिकुमीला मुक्काम करा, तिथे हायवेच अभयारण्यातून जातो.

माळटिटवी
मग विमानच. मुलाचं एकुलतं एक जाड जॅकेट गडद निळं आहे. चालेल ना?

दारकर
नको. गडद निळ्या आणि काळ्या रंगावर त्सेत्से माश्या धावून येतात आणि कापडावरूनही चावतात. खाकी किंवा मळकट हिरवं घ्या.