पॅरामोटरचा हार्नेस बसवताना: टांगल्यावर मशीन फार मागे झुकतंय, काय बदलू?

डोंगरधार_पुणे

कामशेतला बिनमोटरचं पॅराग्लायडिंग दोन सीझन झालंय. आता वापरलेलं पॅरामोटर (पाठीवर बांधायचं प्रोपेलरचं इंजिन) घेतलंय. आधीचे मालक ८५ किलोचे, माझं वजन ५८. मशीन इंधनाशिवाय २७ किलो, टाकी १० लिटरची, प्रॉप (प्रोपेलर) १२५ सेंटीमीटरचा आणि मागून बघितल्यावर घड्याळाच्या दिशेने फिरतो. हँग पॉइंट (विंगला, म्हणजे वरच्या कापडी पंखाला, टांगायच्या जागा) खालचे आहेत, फ्रेमच्या हलणाऱ्या बाह्यांवर, आणि प्रत्येक बाहीला कॅराबिनरसाठी (जोडणीच्या कडीसाठी) पाच भोकं आहेत. सध्या कॅराबिनर सगळ्यात पुढच्या भोकात आहेत.

अजून उडालेले नाही. नुसतं टांगून बसले तर पाठ खूपच मागे जाते, पाय वर येतात आणि उभ्या स्थितीत यायला जोर लावावा लागतो. माझे प्रश्न:

किती झुकाव बरोबर आणि तो मोजायचा कसा? टॉर्कसाठी (प्रॉप फिरताना मशीनला बसणाऱ्या उलट पिळासाठी) तिरका पट्टा लावावा का? माझा जुना रिझर्व्ह (आणीबाणीचा पॅराशूट) ८५ किलोपर्यंतचा आहे, तोच लावला तर चालेल का? छातीचा पट्टा किती रुंद ठेवू?

ओळंबा

ताई, उडण्याआधी टांगून बघितलंत हेच सगळ्यात महत्त्वाचं काम होतं. तुमच्या वर्णनात कारणही दिसतंय. पायलट आणि मशीन मिळून जो गुरुत्वमध्य होतो तो कॅराबिनरच्या बरोबर खाली येऊन थांबतो. ८५ किलोचा माणूस पुढे बसला की हा मध्य पुढे सरकतो, म्हणून त्यांनी कॅराबिनर पुढच्या भोकात ठेवले. तुम्ही २७ किलोने हलक्या, त्यामुळे मध्य मोटरकडे मागे गेला आणि मशीनने तुम्हाला मागे ओढलं. कॅराबिनर मागे, म्हणजे मोटरच्या दिशेला न्या. एका वेळी एकच भोक, दोन्ही बाजूंना सारखं, आणि दर वेळी नव्याने मोजा.

मोजायला महागडं काही लागत नाही. एक मीटरची सरळ पट्टी फ्रेमच्या उभ्या नळ्यांना, प्रॉपच्या प्रतलाला समांतर बांधा. वरच्या टोकातून ओळंबा सोडा आणि पट्टीच्या खालच्या टोकापासून दोरीपर्यंतचं आडवं अंतर मोजा. १० अंशाला ते सुमारे १७ सेंटीमीटर येतं, १५ अंशाला २६, २५ अंशाला ४२. मशीनच्या पुस्तिकेत आकडा दिला असेल तर तोच पाळा. नसेल तर बहुतेक खालच्या हँग पॉइंटच्या मशीनना १० ते १५ अंश मागे झुकाव ठीक बसतो. मोबाइलमधलं लेव्हल ॲपही चालतं, पण मोबाइल हार्नेसच्या कापडावर नाही, इंजिनच्या प्लेटवर टेकवायचा.

टांगायचं कुठे हेही सांगतो. पंख्याच्या हुकाला अजिबात नको. तुम्ही, मशीन, भरलेली टाकी आणि हेल्मेट-कपडे धरून सुमारे शंभर किलो आणि वर तुमची हालचाल. घरात झोपाळ्याच्या कड्या असतील तर त्या उत्तम, कारण त्या माणसांचं वजन झेलायलाच बसवलेल्या असतात. फक्त त्यांच्यातलं अंतर फार असतं, म्हणून मध्ये जाड लोखंडी पाइप आडवा टांगून त्यावर रायझरच्या (विंगपासून कॅराबिनरपर्यंत येणाऱ्या दोन पट्ट्यांच्या) अंतराएवढे दोन फास घ्या. कॅराबिनर जमिनीपासून इतके वर हवेत की बसल्यावर पाय अधांतरी राहतील आणि गुडघे सरळ केले की टाचा टेकतील. प्रॉप काढून ठेवा, प्लगची टोपी काढा. घरात टांगत असाल तर टाकीत पेट्रोलऐवजी पाणी घालू नका, टाकी आणि कार्बोरेटर साफ करण्यात दिवस जाईल. टाकीच्या जागी तेवढ्याच वजनाची वाळूची पिशवी बांधा. दहा लिटर इंधन म्हणजे साडेसात किलो.

रायझर_आणि_पीळ

वरचं सगळं बरोबर. झुकाव आधी आणि टॉर्कचा पट्टा नंतर का, ते मांडतो, कारण बरेच जण उलट करतात.

प्रॉप मागून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणजे त्याची प्रतिक्रिया तुम्हाला डावीकडे कलवते. डाव्या रायझरवर भार वाढतो आणि विंग डावीकडे वळते. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण मशीन मागे झुकलेलं असेल तर त्याच टॉर्कचा एक भाग तुमचं तोंड उजवीकडे फिरवतो. विंग डावीकडे, शरीर उजवीकडे. रायझरला पीळ पडतो तो इथून. प्रॉपवर ४५ न्यूटन-मीटर टॉर्क धरला तर २५ अंश झुकावाला पीळ देणारा भाग सुमारे १९ न्यूटन-मीटर, १३ अंशाला सुमारे १०. भोकं बदलून तो जवळजवळ निम्मा होतो आणि त्यासाठी एकही नवा पट्टा लागत नाही.

आता छातीचा पट्टा. त्याच ४५ न्यूटन-मीटरला कॅराबिनरमधलं अंतर ४० सेंटीमीटर असेल तर दोन बाजूंच्या भारात ढोबळमानाने २३ किलोचा फरक पडतो, ४६ सेंटीमीटरला २० किलोचा. ८५ किलोच्या माणसाला हा फरक जाणवतो, ५८ किलोच्या माणसाला तो फिरवतो. म्हणून पट्टा घट्ट आवळून ‘सुरक्षित’ वाटून घेऊ नका. विंगच्या पुस्तिकेत ज्या अंतरावर चाचणी झाली तो आकडा असतो, साधारण ४० ते ४८ सेंटीमीटरच्या दरम्यान. तोच लावा, आणि मोजताना कॅराबिनरच्या मध्यापासून मध्यापर्यंत, टांगलेल्या स्थितीत मोजा. उभं राहून मोजलेला आकडा बसल्यावर बदलतो.

हे दोन्ही झाल्यावर उरलेल्या वळणासाठी तिरका पट्टा. तो क्रूझच्या (सरळ, स्थिर उड्डाणाच्या) थ्रॉटलला बेतून लावायचा, पूर्ण थ्रॉटलला नाही. पूर्ण थ्रॉटलला बरोबर केला तर थ्रॉटल सोडल्यावर मशीन उलट्या बाजूला ओढतं, आणि नेमकं उतरताना ते नको असतं.

उडताना धोका सगळ्यात जास्त कधी, तर पूर्ण थ्रॉटल, कमी वेग आणि टॉर्कच्या विरुद्ध दिशेला ब्रेक, हे तिन्ही एकत्र आले की. तुमच्या मशीनला पूर्ण ताकदीवर उजवीकडे जोरात ब्रेक लावू नका. वळणं थ्रॉटल कमी करून घ्या. पीळ पडायला लागला असं वाटलं तर पहिलं काम थ्रॉटल सोडणं. ब्रेक ओढून तो सुटत नाही, उलट वाढतो.

घडी_रिझर्व्हची

रिझर्व्हचं उत्तर: नाही चालणार. हिशेब करा. तुम्ही ५८, मशीन २७, इंधन ७.५, विंग ५.५ धरू, हेल्मेट-बूट-कपडे-रिझर्व्ह मिळून ५. झाले १०३ किलो. ८५ किलोच्या मर्यादेवर ५.५ मीटर प्रतिसेकंदाने उतरणारा रिझर्व्ह १०३ किलोला सुमारे ६ ने उतरेल, कारण वेग वजनाच्या वर्गमुळाने वाढतो. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर. एप्रिलमध्ये ३८ अंशाला हवा जवळजवळ १५०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते, म्हणून आणखी सात-आठ टक्के. म्हणजे साडेसहा मीटर प्रतिसेकंद, दोन मीटरहून जास्त उंचीवरून उडी मारल्यासारखं, पाठीवर २७ किलोचं लोखंड घेऊन. किमान ११५-१२० किलोचा रिझर्व्ह घ्या. तुमच्या जुन्या विंगचीही वजनमर्यादा याच हिशेबाने तपासा, बहुधा तीही ओलांडली जाईल.

जोडणीत चुका होतात त्या अशा. रिझर्व्हचा मुख्य पट्टा खांद्यांवरच्या दोन लोड पॉइंटना जातो, तो फ्रेमच्या आणि बाह्यांच्या बाहेरून गेला पाहिजे. आतून गेला तर उघडल्यावर तो बाहीला किंवा तुमच्या गळ्याला धरून ताणला जाईल. लोखंडी मायलॉनचा (स्क्रूने बंद होणाऱ्या कडीचा) नट हाताने घट्ट करून मग पान्याने पाव फेरा, आणि पट्टा आडवा सरकू नये म्हणून रबर किंवा नियोप्रीनची पकड. हँडल थ्रॉटलच्या हाताच्या विरुद्ध बाजूला सोयीचं पडतं, कारण क्रम असा आहे: आधी किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण), मग हँडल, मग मोकळ्या हवेत, प्रॉपपासून दूर फेक. इंजिन चालू असताना फेकलेला रिझर्व्ह प्रॉपमध्ये जातो.

आणि टांगलेल्या अवस्थेत एकदा तो खरोखर ओढून बाहेर काढा. हातमोजे घालून, डोळे समोर ठेवून, हँडल न बघता. पिनची दिशा चुकली असेल, कापडाचा खिसा घट्ट असेल किंवा हात पोहोचत नसेल तर ते इथेच कळतं. नंतर नीट घडी घालून घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवेने कापड चिकटतं आणि रबर बँड कुजतात, म्हणून ऑक्टोबरमध्ये सीझन सुरू होण्याआधी घडी नवी करायचीच, मधल्या काळात पाऊस लागला तर लगेच.

मुरुमाचा_माळ

बाकीच्यांनी हवेतलं सांगितलं, मी जमिनीवरचं लिहितो. जमिनीवरही गंभीर जखमा होतात, आणि त्यातल्या बऱ्याच प्रॉपने होतात.

पट्टे लावण्याचा क्रम ठरवून टाका: मांडीचे पट्टे पहिले, छातीचा नंतर. सोडताना छातीचा पहिला, मांडीचे शेवटी. मांडीचे राहून गेले तर उड्डाणानंतर माणूस सीटमधून खाली घसरतो आणि बगलेत लोंबतो. तशा अवस्थेत हात वर जाऊन ब्रेक नीट धरता येत नाहीत. छातीचं बकल मांडीच्या पट्ट्यांना जोडलेलं असेल अशी टी-लॉक पद्धत असली तरी हाताने ओढून दोन्ही मांड्या तपासा. धावता येईल इतके ते सैल हवेत, पण टांगल्यावर सीटमधून खाली सरकू नये इतके घट्ट.

खांद्याचे पट्टे जमिनीवर वजन पेलायला आवळावे लागतात, पण फार आवळले तर हवेत सीटमध्ये मागे सरकता येत नाही. मग माणूस काय करतो, ब्रेक सोडून हातांनी सीट ओढतो. सुटलेला ब्रेकचा टॉगल मागे उडून प्रॉपमध्ये जातो आणि विंगही ओढली जाते. म्हणून पायाने ढकलायचा पट्टा लावा, आणि टांगून वीस वेळा फक्त पाय वापरून सीटमध्ये बसा आणि बाहेर या. हवेत सीटमध्ये बसण्याची घाई ५० मीटरच्या खाली करायची नाही.

टांगलेलं असतानाच थ्रॉटलची केबल, किल स्विचची वायर, हेल्मेटचा हेडसेट आणि खिशाच्या दोऱ्या सगळ्या मागे ओढून बघा. जाळीच्या आत पोहोचणारं जे काही असेल ते बांधा किंवा कापा. हुडीची दोरी, मफलर, गळ्यातली किल्ली काढूनच यायचं.

इंजिन सुरू करण्याआधी थ्रॉटल दाबून सोडा, कार्बोरेटरची स्लाइड टककन खाली बसल्याचा आवाज आला पाहिजे. स्लाइड वर अडकली असेल तर पहिल्याच ओढीत पूर्ण ताकद येते आणि मशीन हाताला ऐकत नाही. सुरू होताच किल स्विच दाबून इंजिन बंद पडतं का बघा. प्रॉपच्या प्रतलाच्या रेषेत, म्हणजे दोन्ही बाजूंना, कुणीही उभं नको. पातं तुटलं तर ते तिकडेच जातं. मुरुमाच्या माळावर खडे उडून पात्यांना खाचा पडतात, म्हणून जमिनीवर थ्रॉटल देताना खाली ताडपत्री किंवा गवत बघा.

जागेबद्दल: लोहगावचा हवाई दलाचा तळ, हडपसरचं ग्लायडिंग केंद्र, खडकवासल्याला एनडीए. पुण्याच्या आसपास परवानगी लेखी हातात आल्याशिवाय उडायचं नाही. आणि पवना, मुळशी, खडकवासला या पाण्यांवर कधीच जाऊ नका. इंजिन बंद पडलं तर किनाऱ्यापर्यंत पोहोचता येईल इतकी उंची नसेल तर पाण्याची कड धरूनही उडू नका. पाठीवरची मोटर माणसाला तोंडावर पालथं करून बुडवते, पट्टे सोडायला मोजके सेकंद मिळतात.

डोंगरधार_पुणे

सगळ्यांचे आभार. कॅराबिनर दोन भोकं मागे घेतले. ओळंब्याचं अंतर ४२ वरून आलं: टाकीएवढी वाळू बांधून २४ सेंटीमीटर, वाळूशिवाय १९. छातीचा पट्टा टांगून ४४ वर. सीटमध्ये फक्त पायाने बसता येतंय. टाकीमुळे झुकाव बदलतोय ते ठीक आहे का? आणि पुढे काय?

ओळंबा

२४ म्हणजे १४ अंश, १९ म्हणजे ११. दोन्ही टोकं मर्यादेत, इथेच थांबा. बाह्यांवर वापरलेल्या भोकाला रंगाची खूण करा, दोन्ही बाजू सारख्या आहेत हे दर वेळी नजरेने कळेल. वापरलेलं मशीन आहे, त्यामुळे कॅराबिनर नवेच घ्या, किमान २० किलोन्यूटनचे, आणि भोकांच्या कडा झिजून लांबट झाल्या आहेत का बघा. झिजल्या असतील तर बाही बदला, वॉशर घालून चालवू नका.

आता मशीन पाठीवर घेऊन इंजिन बंद ठेवून धावायचा सराव, मग विंग वर धरून सराव, मग इंजिन चालू पण विंगशिवाय. पूर्ण थ्रॉटल देऊन उभं राहा आणि मशीन तुम्हाला कुठे वळवतं ते बघा. पहिलं उड्डाण प्रशिक्षकासमोर, डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी वारा स्थिर असताना. जमीन सुटल्यावर थ्रॉटल हळूहळू कमी करून क्रूझला आणा आणि पहिलं वळण डावीकडेच, रुंद घ्या. उतरताना ३० मीटरवर इंजिन बंद, मग पाय खाली.

घडी_रिझर्व्हची

नवा रिझर्व्ह लावल्यावर पुन्हा टांगा. दोन किलो पुढे किंवा बाजूला आले की झुकाव आणि डावा-उजवा तोल दोन्ही बदलतात.