पश्चिमेच्या खिडक्या: मोटरचे ब्लाइंड्स की रंग बदलणारी काच?

माधुरी, गिल्बर्ट (ॲरिझोना, अमेरिका)

नमस्कार मंडळी,

हॉलला पश्चिमेकडे ६ बाय ५ फुटांच्या, न उघडणाऱ्या दोन खिडक्या आणि ८ फुटी सरकतं काचेचं दार आहे. घर १९९८ चं. काच दुहेरी आहे, पण मूळचीच. बाळाची खोलीही त्याच बाजूला. एक विक्रेता बटण दाबलं की गडद होणारी काच सुचवतोय, दुसरा मोटरचे ब्लाइंड्स. दुपारची झळ थांबावी आणि संध्याकाळी बाहेरचं दिसावं, एवढंच हवंय. एचओए (वसाहतीची घरमालक संघटना) आहे, तिची परवानगी लागेल. इथल्या उन्हाळ्यात काय टिकेल?

श्रीकांत, टेंपी

माधुरी,

विक्रेत्याचं राहू दे, आधी काचेची परीक्षा कर. अंधार पडल्यावर मोबाइलचा टॉर्च काचेजवळ तिरका धर. दुहेरी काचेत चार प्रतिबिंबं दिसतील. चारही एकाच रंगाची असतील तर काच साधी. एखादं वेगळ्या छटेचं असेल तर तिच्यावर लो-ई, म्हणजे उष्णता परतवणारा पातळ लेप आहे. ९८ च्या घरात बहुतेक साधीच निघेल.

आता हिशेब. तुझी एक खिडकी ३० चौरस फूट, म्हणजे सुमारे २.८ चौरस मीटर. उन्हाळ्यात चार-पाचच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला ७०० वॉट ऊन धरलं तर बाहेरून १,९५० वॉट आदळतात. त्यातले किती आत येतात ते एसएचजीसी या आकड्यावर ठरतं. साध्या दुहेरी काचेचा ०.६ धर: जवळजवळ १,१७० वॉट आत. चांगल्या लो-ई काचेचा ०.२५: ४९० वॉट. रंग बदलणारी काच पूर्ण गडद असताना ०.०९ च्या आसपास: १७५ वॉट. म्हणजे मोठी बचत साध्या लो-ई काचेनेच होते. पुढच्या ३१५ वॉटसाठी कितीतरी पट पैसे मोजायचे का, एवढाच प्रश्न उरतो.

आणि "रंग बदलणारी" या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली इलेक्ट्रोक्रोमिक. काचेवर टंगस्टन ऑक्साइडचा पातळ थर असतो, पाच व्होल्टपेक्षाही कमी दाबाने त्यात लिथियमचे आयन सरकतात आणि काच निळसर गडद होते. सुमारे ६० टक्के प्रकाश सोडणारी काच १ टक्क्यावर येते. ही उष्णता खरोखर अडवते. दुसरी पीडीएलसी, बहुधा फिल्मच्या रूपात. वीज असताना स्वच्छ, वीज गेली की दुधी. तिने आडोसा होतो, झळ जवळपास तशीच राहते. बाथरूमला ठीक, पश्चिमेच्या हॉलला नाही. कोटेशनमध्ये गडद आणि स्वच्छ अशा दोन्ही अवस्थांचा एसएचजीसी लेखी माग. आकडा देता आला नाही तर तिथेच थांब.

इलेक्ट्रोक्रोमिकमध्ये घोडं पेंड खातं ते असं:

- रंग लगेच बदलत नाही. विजेचा प्रवाह कडांच्या पट्ट्यांतून आत शिरतो, म्हणून आधी कडा गडद होतात आणि मधला भाग मागे राहतो. मोठ्या काचेला दहा-वीस मिनिटंही लागतात. ढग आला-गेला, काच तिच्याच चालीने.
- १ टक्क्यालाही मावळतीच्या सूर्याचं बिंब डोळ्यात जातंच. सोफ्यावर टीव्हीसमोर बसणारा शेवटी पडदा मागतो.
- रात्री आत दिवा लावला की बाहेरून हालचाल दिसते.
- प्रत्येक काचेतून एक वायर निघते, ती फ्रेममधून न्यावी लागते. भोक चुकीच्या जागी पाडलं किंवा पाणी वाहून जायची छिद्रं बुजली, तर पाणी फ्रेममध्ये साचतं, काचेचं सील खराब होतं आणि दोन काचांच्या मध्ये धुकं धरतं. सरकत्या दाराला तर वायर हलती ठेवावी लागते. दाराला ही काच नकोच.

शिवाय हा धंदा मुख्यतः ऑफिसच्या इमारतींचा. त्यातली मोठी कंपनी व्ह्यू एप्रिल २०२४ मध्ये चॅप्टर ११ मध्ये, म्हणजे दिवाळखोरीत गेली. दहा वर्षांनी एक काच फुटली तर त्याच छटेची जोडीदार काच आणि तिचा कंट्रोलर कोण देणार, हे आज लेखी घ्यायला हवं. खिडक्यांवरची ३० टक्के केंद्रीय करसवलत, कमाल ६०० डॉलर, ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. विक्रेत्याच्या जुन्या पत्रकात ती अजून छापलेली असेल, ती हिशेबात धरू नकोस.

माझं मत: बाहेरून ८० टक्के ऊन अडवणारी सन स्क्रीन (जाळी), आतून रोलर शेड (नळीवर गुंडाळणारा पडदा). ऊन काचेच्या बाहेर अडलं तरच खरं अडलं. नुसते आतले ब्लाइंड्स म्हणजे वरातीमागून घोडं. ऊन काच ओलांडून आलेलं असतं, कापड तापतं आणि खोलीतच झळ सोडतं. पांढऱ्या पाठीचं कापड त्यातला काही भाग परत बाहेर फेकतं, इतकंच.

नेहा, चँडलर

श्रीकांतकाकांशी सहमत. ब्लाइंड्सकडेच वळलात तर हे बघा.

कापड: हॉलला ३ टक्के ओपननेस (विणीतली मोकळी जागा), आतून गडद राखाडी, बाहेरून पांढरं. गडद कापडातून बाहेरचं जास्त स्पष्ट दिसतं. लोक फिकट घेतात आणि मग सगळं धूसर दिसतं म्हणतात. सहा फुटांच्या रुंदीला बारीक नळी मधे वाकते आणि कापडावर व्ही आकाराच्या सुरकुत्या पडतात. ५० मिमीच्या आसपासची नळी मागा.

माप: चौकटीच्या आत बसवायचं तर रुंदी वर, मधे, खाली अशी तीनदा मोजून सर्वांत कमी ती द्या, एक अष्टमांश इंचापर्यंत. स्वतः काही वजा करू नका. कारखाना करतो, आणि दोनदा वजा झालं की शेड ढिली बसते. रोलरला दोन्ही बाजूंना साधारण अर्धा इंच फट राहतेच. हॉलमध्ये चालेल, पण बाळाच्या खोलीत ब्लॅकआउट कापडासोबत साइड चॅनल (कापडाच्या कडा झाकणाऱ्या उभ्या पट्ट्या) घ्या, नाहीतर उजेडाच्या दोन उभ्या रेघा नेमक्या झोपेच्या वेळी भिंतीवर येतील. दोरीवाली शेड कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. १ जून २०२४ पासून लागू झालेलं मानक मुलांच्या गळ्याला फास बसू नये म्हणूनच आहे. मोटरची चार्जिंग वायरही पाळण्याजवळ लोंबती ठेवू नका.

वीज: बॅटरीची मोटर सोपी, पण लिथियम बॅटरी साधारण ११३ फॅरनहाइटच्या वर चार्ज करायची नसते, आणि पश्चिमेच्या काचेमागे दुपारी त्याहून जास्त तापतं. चार्जिंग सकाळीच. वायर ओढणार असाल तर १२ व्होल्टला अंतर भोवतं. १८ गेजची वायर ६० फूट, म्हणजे जाऊन-येऊन १२० फूट: सुमारे ०.७७ ओहम. मोटरने दोन अँपिअर ओढले की दीड व्होल्ट वाटेतच गेले. त्याच वायरवर दुसरी मोटर जोडली तर तीन. मग शेड वर जाताना अर्ध्यात अडकते आणि दोष मोटरला मिळतो. २४ व्होल्ट घ्या किंवा १६ गेजची, म्हणजे जास्त जाड वायर वापरा. १२० व्होल्टच्या बॉक्समधून ही वायर नेऊ नका.

वेळापत्रक: शेड चालवणाऱ्या हबमध्ये टाइम झोन "फीनिक्स" निवडा. "माउंटन" किंवा "डेन्व्हर" ठेवलं तर मार्च ते नोव्हेंबर शेड तासभर आधी पडेल, कारण आपण घड्याळ पुढे करत नाही. इथे सूर्य साडेबाराच्या सुमारास माथ्यावरून पलीकडे झुकतो, तेव्हा उन्हाळ्यात शेड एकला खाली. "सूर्यास्ताआधी अमुक तास" असा नियम लावू नका. दिवस लहान-मोठा होतो तशी ती वेळ वर्षभरात दोन तासांहून जास्त सरकते.

शेड एका बाजूला गुंडाळत सरकायला लागली तर मोटरच्या सेटिंगमध्ये हात घालण्याआधी दोन्ही ब्रॅकेट लेव्हलवर तपासा. बहुतेक वेळा एका ब्रॅकेटखाली पातळ पत्री सरकवली की काम होतं.

माधुरी

काका, नेहा, खूप आभार. टॉर्च लावून पाहिला, चारही प्रतिबिंबं सारखीच. सन स्क्रीनने बाहेरचं दृश्य अंधारतं म्हणून नवरा कुरकुरतोय. त्याऐवजी आतून गडद फिल्म लावली तर?

श्रीकांत

दुहेरी काचेच्या आतल्या बाजूला ऊन शोषणारी गडद फिल्म लावू नकोस. आतली काच मधे तापते, फ्रेममध्ये दबलेली कड थंड राहते आणि तडा कडेपासून सुरू होतो. काचेची हमीही जाते. उजळ फिल्म लावायचीच असेल तर ती दुहेरी काचेला चालते असं निर्मात्याचं लेखी पत्र घे.

स्क्रीन ऑक्टोबरअखेर काढून गॅरेजमध्ये ठेवता येते, मार्चअखेर परत लावायची. नवऱ्याला हिवाळाभर दृश्य मोकळं. प्रत्येक फ्रेमच्या मागे कोणत्या खिडकीची ते मार्करने लिहून ठेव. खिडक्या दिसायला सारख्या असल्या तरी पाव इंचाचा फरक असतोच, आणि शिडीवर चढल्यावर ते कळून उपयोग नसतो.

ऑर्डर देण्याआधी एचओएच्या आर्किटेक्चरल कमिटीचा फॉर्म भर. स्क्रीनच्या कापडाचा तुकडा, फ्रेमचा रंग आणि शेडची पाठ पांढरी आहे हे, तिन्ही एकाच अर्जात दे. वेगवेगळे अर्ज केलेस तर मे उलटून जाईल.