वारीच्या छायाचित्रांतून कोणती तीन निवडावीत?

सासवडकर:
आमच्या वसाहतीचे सांस्कृतिक मंडळ गणेशोत्सवात हौशी छायाचित्रकारांची स्पर्धा घेते. यंदाचा विषय 'आषाढी वारी' असा आहे. प्रत्येकाने तीन छायाचित्रे द्यायची असून निवडलेली छायाचित्रे १२ बाय १८ इंच आकारात छापून मंडपात लावली जातील. गेल्या वर्षी माझे एकही चित्र पहिल्या फेरीपुढे गेले नाही. परीक्षक एवढेच म्हणाले की चित्रे चांगली आहेत, पण उठून दिसत नाहीत, आणि ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. या खेपेस माझ्याकडे चार चित्रे आहेत: माउलींचा पालखी सोहळा दिवे घाट चढत असतानाचे माथ्यावरून टिपलेले दृश्य, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एका आजींचा चेहरा, सदाशिवनगरच्या गोल रिंगणात धावणारे अश्व, आणि लोणंदच्या मुक्कामी दिंडीच्या ट्रकला बांधलेल्या दोरीवर वाळणारी धोतरे, ज्यांच्या आडोशाला एक वारकरी आरशाच्या तुकड्यात पाहून कपाळी गंध लावतो आहे. घरच्यांना पहिली तीन आवडतात. कोणते वगळावे?

जुना रीळवाला:
अशा दोन-तीन स्थानिक स्पर्धांचे परीक्षण मी केले आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने सांगतो. पहिल्या फेरीत चित्रे पडद्यावर लहान आकारात एकामागून एक सरकत जातात आणि विषय वारी असला की त्यांत दिवे घाट, वृंदावन आणि अश्व हेच पुन्हा पुन्हा येतात. तिसरा दिवे घाट पाहिल्यावर चौथ्याकडे परीक्षक चित्र म्हणून पाहतच नाही, केवळ मोजतो. त्यामुळे लोणंदचे चित्र तुम्ही ठेवावेच, कारण रस्त्याच्या कडेला उभे राहून ते मिळत नाही. त्यासाठी मुक्कामावर थांबावे लागते.

रिंगणाबाबत एक विचारतो. अश्व पुढे गेल्यावर वारकरी त्याच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात. त्या क्षणी तुमचा कॅमेरा कुठे होता? बहुतेकांचा कॅमेरा अश्वाच्या पाठीमागे फिरत राहतो आणि पायाशी घडणारे हे दृश्य निसटते. तुमच्या मूळ फाइली पुन्हा एकदा चाळा.

मंदप्रकाश:
तांत्रिक बाजूचे थोडे लिहितो, कारण चांगली चित्रे तिथेही बाद होतात. वारीत धोतर, सदरा, टोपी सगळे पांढरे असते, आणि इतका पांढरा रंग चौकटीत आला की कॅमेरा स्वतःच उजेड कमी करतो व कपडे राखाडी, मळकट दिसू लागतात. घेतानाच उजेड अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवायला हवा होता. आता संपादनात वाढवता येईल, पण धोतरांच्या घड्या आणि सुरकुत्या पुसल्या जाणार नाहीत एवढे पाहावे. धावत्या अश्वासाठी शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवला तर सगळे गोठते. त्याउलट १/६० किंवा १/३० ला कॅमेरा अश्वाबरोबर फिरवला तर मागची गर्दी पुसट होते आणि वेग दिसतो, मात्र दहापैकी नऊ चित्रे टाकून द्यावी लागतात. व्हॉट्सॲपवरून चित्र पाठवायचे असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आकार घटतो आणि छापताना चेहऱ्यांचा मेणासारखा लगदा होतो.

आणखी एक गोष्ट: १२ बाय १८ चे प्रमाण २:३ आहे, तर बहुतेक मोबाइलवरचे चित्र ३:४ असते. आडवे चित्र त्या कागदावर पूर्ण बसवताना उंचीचा नववा भाग कापला जातो. तो कुठून कापायचा हे तुम्ही स्वतः ठरवा, छपाईवाल्यावर सोडू नका.

घाटमाथा:
रीळवाल्यांचे म्हणणे बरोबर असले तरी दिवे घाटाला इतके स्वस्तात काढू नये, असे मला वाटते. पडद्यावर हरवणारे चित्र छापून मंडपात लागले की लोक त्यासमोर उभे राहून पताका आणि दिंड्या शोधतात. मात्र त्या गर्दीत नजर टेकायला एखादी जागा हवी, म्हणजे कठड्यावर बसून पाय चोळणारा कोणी किंवा ओळ सोडून थांबलेली एखादी बाई. ती नसेल तर ते चित्र वगळावे. आजींचा चेहरा देण्यापूर्वी त्यांना विचारले होते का, हेही पाहावे.

सासवडकर:
आजींना विचारले होते, त्यांनीच पदर सारखा केला आणि मग चित्र काढू दिले. आता पाहताना जाणवते की त्यामुळेच तो चेहरा फोटोसाठी बसल्यासारखा झाला आहे. घाटात नजर टेकेल असे काहीच सापडले नाही, तेव्हा तो गेला. रिंगणाच्या फाइली चाळल्या, तर अश्वांच्या चित्रांनंतर एक चित्र निघाले, जे मी फोकस किंचित चुकला म्हणून बाजूला टाकले होते: दोन बायका वाकून माती उचलत आहेत आणि तिसरीने ती आधीच लेकराच्या कपाळाला लावली आहे. लेकरू स्पष्ट आहे, बायका थोड्या पुसट. अश्वांऐवजी हेच देतो. लोणंदचे चित्र मोबाइलवरचे आहे. त्यात वर ट्रकची ताडपत्री आहे आणि खाली पाण्याचे निळे पिंप. पिंप डोळ्यांना खटकते, म्हणून खालून कापावे का?

जुना रीळवाला:
पिंपावर दिंडीचा क्रमांक रंगवलेला असेल तर ताडपत्री कापा.

सासवडकर:
आहे. 'रथामागे' एवढे वाचता येते, पुढचा आकडा धोतराच्या टोकाआड गेला आहे.

जुना रीळवाला:
मग ताडपत्रीच.