मदत हवी आहे: नडगीचे हाड कापून पाय सरळ करायचा की गुडघाच बदलायचा? (निपाणी)

वेदगंगाकाठ: नमस्कार मंडळी. मामांसाठी विचारतोय. वय ५२, वजन ७४ किलो, निपाणीजवळ ऊस आणि तंबाखूची शेती. डावा गुडघा फक्त आतल्या बाजूला दुखतो आणि चालताना बाहेर झुकतो. गुडघा पूर्ण वाकतो, सरळही होतो. शुगर नाही, संधिवात नाही. एका डॉक्टरांनी नडगीचे हाड कापून पाय सरळ करू म्हटले, दुसऱ्यांनी गुडघा बदला म्हटले. दोघांनीही गुडघ्यापुरताच एक्स-रे बघितलाय. कुणाचे ऐकावे? हाड किती कापतात? उकिडवे बसता येईल का?

हिरण्यकेशी: दादा, त्या एक्स-रेवर दोघांपैकी कुणाचेच उत्तर ठरत नाही. आधी उभे राहून खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, दोन्ही पायांचा लांब एक्स-रे काढा. बेळगाव, मिरज, कोल्हापूर, कुठेही मोठ्या रुग्णालयात निघतो. गुडघ्याच्या वाट्या अगदी समोर असल्या पाहिजेत. पाय जरा आत-बाहेर वळला तरी कोन चुकतो आणि पुढचे सगळे माप चुकते.

त्यावर खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ मारतात. पाय फेंगडा असला की ती गुडघ्याच्या आतल्या भागातून जाते, आणि अंगाचा भार आतल्या गादीवर पडून तीच झिजते. मग बघायचे वाकडेपणा कुठल्या हाडात आहे ते. नडगीचा वरचा आतला कोन, म्हणजे नडगीची मधली रेघ आणि सांध्याची पातळी यांतला आतला कोन, साधारण ८७ अंश असतो. तो ८५ किंवा त्याहून कमी असेल तर नडगी कापण्यात अर्थ आहे. वाकडेपणा मांडीच्या हाडात असून नडगी कापली तर पाय सरळ दिसतो, पण सांध्याची पातळी तिरपी होते आणि दुखणे राहते.

वय, वजन, गुडघ्याची हालचाल आणि शेतीचे काम बघता मामा या शस्त्रक्रियेला चांगले बसतात. आणखी एक अट: बाहेरची गादी आणि अस्थिबंध शाबूत हवेत. ५२ व्या वर्षी कृत्रिम सांधा बसवला तर तो झिजून पुढे पुन्हा बदलायची वेळ येऊ शकते. उलट नडगी सरळ केल्यावर पुढे गरज पडलीच तर सांधा तेव्हाही बदलता येतो.

आता हाड किती कापतात. सध्या बहुतेक ठिकाणी हाडाचा तुकडा काढत नाहीत. आतल्या बाजूने, सांध्याच्या ३-४ सेंमी खाली, पोटरीच्या हाडाच्या वरच्या टोकाच्या दिशेने तिरका काप घेतात. पलीकडचे सुमारे १ सेंमी हाड बिजागरीसारखे शिल्लक ठेवतात आणि काप हळूहळू उघडून प्लेट-स्क्रूने धरतात. भाराची रेघ नडगीच्या माथ्यावर आतून मोजून ६२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मध्याच्या किंचित बाहेर न्यायची असते. त्याला फुजिसावा बिंदू म्हणतात. फार पुढे नेली तर बाहेरची चांगली गादी झिजते.

‘१ अंशाला १ मिमी’, म्हणजे पाय जितके अंश सरळ करायचा तितके मिमी काप उघडायचा, हा हिशेब सरसकट लावणे धोक्याचे. हाड ५७ मिमी रुंद असेल तरच तो जुळतो. ७० मिमीच्या हाडात १० अंशांसाठी १२ मिमी उघडावे लागते, नाहीतर पाय अर्धवट सरळ होतो. दुसरी चूक फटीच्या आकारात होते. पुढची फट मागच्या फटीच्या साधारण निम्मी हवी. दोन्ही सारख्या ठेवल्या तर नडगीचा माथा मागे कलतो आणि गुडघा पूर्ण सरळ होत नाही. काप अपुरा राहिला किंवा घाईने उघडला तर बिजागरीच मोडते आणि हाड जुळायला उशीर होतो.

मलप्रभा_फिजिओ: उकिडवे बसण्याबद्दल: सांधा स्वतःचाच राहतो, त्यामुळे आत्ता जेवढा वाकतो तेवढा बहुतेकदा परत वाकतो. पण हाड जुळेपर्यंत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मांडीचे स्नायू आवळणे, घोटा वर-खाली करणे. वॉकर किंवा कुबड्यांवर १५-२० किलो एवढाच भार. तो किती ते घरच्या वजनकाट्यावर पाय दाबून शिकवा, अंदाजाने कुणालाच जमत नाही. ६ आठवड्यांनी एक्स-रे बघून भार वाढवायचा. पक्की प्लेट असेल तर काही सर्जन लवकर परवानगी देतात. हाड पुरते भरायला ३ ते ६ महिने. डावा पाय म्हणजे ट्रॅक्टरचा क्लच, तो सर्जनने हाड भरल्याचे सांगितल्याशिवाय नको. ऊसतोडीच्या तोंडावर शस्त्रक्रिया ठरवू नका, फडावर गेल्याशिवाय राहवत नाही.

वेदगंगाकाठ: फार आभार डॉक्टर, ताई. तारीख गुढीपाडव्यानंतरची मागतो. एक सांगायचे राहिले: मामा तंबाखू-चुना खातात, सकाळी मशेरीही लावतात. विडी-सिगारेट मात्र नाही. चालेल ना?

हिरण्यकेशी: नाही चालणार. निकोटिन धुरातून येवो की हिरडीतून, रक्तवाहिन्या आकसतात आणि उघडलेल्या फटीत हाड भरत नाही. फट भरली नाही की सगळा भार प्लेटवर येतो, स्क्रू सैल होतात, प्लेट मोडते, पाय पुन्हा वाकतो. आधी किमान ६ आठवडे आणि नंतर हाड भरेपर्यंत तंबाखू आणि मशेरी पूर्ण बंद. तंबाखूच्या गावात हे किती अवघड आहे ते कळते, पण सर्जनपासून लपवू नका. सुटत नसेल तर तारीख पुढे ढकला.

घटप्रभा_७१: कर्नाटकच्या आरोग्य योजनेतून करायचे असेल तर आधी सरकारी दवाखान्याची रेफर चिठ्ठी लागते. महाराष्ट्राची महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झालाय. आपले गाव यादीत आहे का आणि ही शस्त्रक्रिया बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून दाखल होण्याआधी विचारून घ्या.

मलप्रभा_फिजिओ: घरच्यांनी एवढे लक्षात ठेवा. पहिल्या दोन-तीन दिवसांत पोटरी दगडासारखी कडक होऊन गोळीने न थांबणारे दुखणे, पायाची बोटे हलवताना कळ किंवा बधिरपणा आला तर रात्र असली तरी लगेच डॉक्टरांना बोलवा. पोटरी सुजून दुखत असेल आणि धाप लागत असेल तर ती रक्ताची गुठळी असू शकते. अशा वेळी पोटरी चोळायची नाही, तेल लावायचे नाही, थेट रुग्णालय गाठायचे.